घर सोडण्यापूर्वीचे देणे

गेल्या क्षमावाणीनंतर आठवड्याभरात आमच्या थोरल्या काकींनी गावचे घर सोडले. वय ८२. काका गेल्यापासून त्या एकट्याच राहत होत्या. आता जिना चढवत नाही, म्हणून चुलतभावाने त्यांना सांगलीला विश्रामबागेत आपल्याकडे नेण्याचे ठरवले. सातबारा, फेरफार, जुन्या पावत्या वेगळ्या करण्यासाठी मला बोलावले होते. बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाकडे घरची दप्तरे आपोआप येतात.

टेम्पो भरला. देवघरातील मूर्ती आदल्या दिवशीच मंदिरात पोचवली होती. काकी मात्र निघेनात. "त्या घरी जाऊन आल्याशिवाय मी गाडीत बसणार नाही," म्हणाल्या. कोणत्या घरी, हे मला विचारावे लागले नाही.

१९७२ चा दुष्काळ. मिरज तालुक्याच्या पूर्व भागातील आमचा पानमळा वाळू लागला होता. पंप पाणी खेचतो ते फार तर २५ फुटांपर्यंत. विहिरीचे पाणी त्याखाली गेले की इंजिनासह पंपच विहिरीत उतरवावा लागे. तेव्हा पुष्कळांनी तसे केले. इंजिनाचा धूर मात्र नळीने विहिरीबाहेर काढावा लागतो, कारण बंद जागेत साचणाऱ्या त्यातील विषारी वायूला ना रंग असतो ना वास. आमची नळी आखूड होती. "नळीचे नंतर बघू," असे काका म्हणाले आणि इंजिन अडखळते म्हणून त्यांनी सालगड्याला खाली पाठवले. तो जिवंत वर आला नाही.

पंचनाम्यात लिहिले गेले की, मद्याच्या नशेत तोल जाऊन पडला. पंच आमच्याच ओट्यावर बसणारे होते. त्या गड्याने जन्मात दारूला स्पर्श केला नव्हता. पुढे काकांनी त्याच्या पत्नीला ज्वारी पाठवली, मुलाच्या शाळेचा खर्च केला. गावाने त्याला औदार्य म्हटले.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात हिंसेची व्याख्या प्रमादाशी जोडलेली आहे. मारण्याचा हेतू नव्हता, एवढ्याने सुटका होत नाही. त्याच अध्यायात सत्याणुव्रताच्या अतिचारांमध्ये कूटलेखक्रिया, म्हणजे खोटा लेख करणे, येते. या शब्दावर मी पर्युषणात दोनदा बोललो आहे, बँकेतील खोट्या सह्यांचे दाखले देऊन. काकांचे नळीविषयीचे शब्द मी तेराव्या वर्षी स्वतः ऐकले होते. तो दाखला दिला नाही.

त्या बाई दारातच शेंगा फोडत बसल्या होत्या. काकी गुडघे दुखत असताना त्यांच्याशेजारी जमिनीवर बसल्या. "तुझा धनी प्यालेला नव्हता. धुरानं गेला. नळी आखूड आहे हे आमच्या घरात ठाऊक होतं. दरसाल क्षमावाणीला साऱ्या गावाची क्षमा मागितली, तुझी तेवढी राहिली."

बाईंचे हात थांबले. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "त्यांच्या तोंडाला वास नव्हता, आक्का. मी तवाच सांगत हुते. कुणी ऐकलं न्हाई."

मुलगा आता पंचावन्नचा. तो म्हणाला, "दारुड्याचा पोरगा म्हणून जलम गेला माझा. नुसतं तोंडानं सांगून भागंल व्हय? लिहून द्या. गरामसभेत वाचतो."

चुलतभावाने मला बाजूला नेले. काकांच्या नावाने शाळेला खोली बांधून दिली आहे, नातवाचे लग्न ठरत आहे, कागद कशाला? त्याची भीती अगदीच निराधार नव्हती. मी गप्प राहिलो. काकींनी ऐकले असावे. म्हणाल्या, "खोटंसुद्धा कागदावरच लिहिलं होतं ना?"

मी कोऱ्या कागदावर त्यांचे शब्द जसेच्या तसे उतरवले, खाली तारीख घातली. काकींनी थरथरत्या हाताने सही केली. मी साक्षीदार म्हणून सही करणार होतो, पण आधी मी तेव्हा काय ऐकले होते ते दोन ओळींत लिहिले आणि मग सही केली.

टेम्पो दुपारी दोनला निघाला. ग्रामसभा अजून भरायची आहे. चुलतभाऊ माझ्याशी कामापुरते बोलतो. काकी फोनवर दर वेळी एकच विचारतात, "वाचला का रे कागद?"