उतारवयातला काडीमोड : घर कोणाचे, पट्टा कोणाचा?

पन्नाशी-साठीत वेगळे होणाऱ्या जोडप्यापुढे मुलांच्या ताब्याचा प्रश्न नसतो. प्रश्न असतो छपराचा आणि महिन्याच्या खर्चाचा. नेमके तिथेच ऐकीव माहितीवर निर्णय होतात आणि नुकसान बहुतेक वेळा बाईचे होते.

‘घर नवऱ्याच्या नावावर, तेव्हा बाईने निघावे’ हे सर्रास ऐकू येते. पण २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने पत्नीला सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला आहे, मग उतारा कोणाच्याही नावाचा असो. घर सासऱ्याचे असले तरी ते सामायिक घर ठरू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितले. मात्र हा राहण्याचा हक्क आहे, मालकीचा नव्हे. घटस्फोटानंतर तो तसाच टिकेल असे धरून चालू नये; राहण्याची सोय तडजोडीतच लिहून घ्यावी.

उलट टोकाचा गैरसमज म्हणजे ‘अर्धी मालमत्ता आपोआप मिळते’. गोव्यात पती-पत्नीच्या सामायिक मालमत्तेची पद्धत आहे, महाराष्ट्रात नाही. इथे मिळतो तो कागदावरचा स्वतःचा हिस्सा, स्त्रीधन आणि पोटगी.

नंदुरबारमध्ये खरी गुंतागुंत पुढेच आहे. जिल्ह्यातली बहुसंख्य वस्ती अनुसूचित जमातींची, आणि १९५५ चा हिंदू विवाह कायदा त्यांना सरसकट लागू होत नाही. म्हणून भिल्ल, पावरा कुटुंबांत पंचांसमोर काडीमोड होतो. ‘पंचांनी सांगितले, विषय संपला’ असे मानले जाते. पण पुढे वाद कोर्टात गेला तर रूढी पुराव्यानिशी सिद्ध करावी लागते. त्यामुळे काडीमोड तोंडी ठेवू नका; तारीख, अटी आणि पंचांच्या सह्यांसह लिहून घ्या.

अक्कलकुवा, धडगावकडच्या वनपट्ट्यांबद्दल तर प्रत्येक बाईला माहीत हवे : २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ४(४) नुसार विवाहितांचा पट्टा पती-पत्नी दोघांच्या नावे होतो. तो विकता येत नाही. पंचांनी नाते तोडले म्हणून त्यावरचे तिचे नाव उडत नाही. वेगळे झाल्यावर कोण किती जमीन कसणार, हे मात्र कायद्यात लिहिलेले नाही. ते काडीमोडाच्या कागदातच ठरवा. घरकुलाचेही तेच. मंजुरी कोणाच्या नावे आहे ते ग्रामपंचायतीत आधी पाहा.

‘साठीत कसली पोटगी?’ असे म्हणणाऱ्यांनी ऐकावे : पोटगीला वयाची अट नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या घटस्फोटित पत्नीलाही, तिने पुन्हा लग्न केलेले नसल्यास, लागू आहे. जमात कोणतीही असो.

नवरा निवृत्त शिक्षक किंवा कर्मचारी असेल तर आणखी सावध राहावे. घटस्फोटानंतर पत्नी म्हणून मिळणाऱ्या कुटुंब निवृत्तिवेतनावरचा हक्क जातो. न्यायिक विभक्ततेत लग्न कायम राहते, म्हणून तो पर्याय वकिलाला आवर्जून विचारावा. आणि विमा-बँकेतले वारसनामांकन घटस्फोटाने बदलत नाही, ते स्वतः बदलावे लागते.

वकिलाचे पैसे नाहीत म्हणून गप्प बसू नका. महिला आणि अनुसूचित जमातीच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. नंदुरबारच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. आणि तिथे जाऊन येईपर्यंत कोणत्याही हक्कसोडपत्रावर सही किंवा अंगठा देऊ नका.