‘स्वभाव’ की ‘काम’? विंगेतल्या माणसाचा अभ्यास करताना

कळंबोलीत राहणाऱ्याला नाटक बघायचं तर पनवेलचं फडके नाट्यगृह नाहीतर वाशीचं भावे नाट्यगृह. बरीच वर्षं मी तिथे खुर्चीत बसून नाटकं पाहिली. पीएचडीसाठी विंगेत बसायला लागल्यावर दुसरंच नाटक दिसलं.

एका प्रयोगाची गोष्ट. तिसरी घंटा व्हायला दहा मिनिटं होती. घरून वाईट बातमी आलेली एक अभिनेत्री मेकअप रूममध्ये गप्प बसली होती, आणि प्रॉपर्टीतला एक टेलिफोन सापडत नव्हता. रंगमंच व्यवस्था बघणाऱ्या दादांनी तिला पाणी दिलं, “पहिली एंट्री तुमची उशिरा आहे, बसा निवांत” म्हणाले, आणि टेलिफोन शोधायला गेले. प्रयोग नीट झाला. रात्री टेम्पोत सेट चढवताना मात्र त्यांचे हात थरथरत होते.

मी डायरीत लिहिलं: ‘स्वभावाने शांत.’ गाईडनी त्या शब्दाभोवती गोल करून विचारलं, “स्वभाव की काम?”

आजची पोस्ट या प्रश्नाबद्दल आहे.

आधी शब्द नीट लावू

सहानुभूती म्हणजे दुसऱ्याबद्दल वाईट वाटणं. समानुभूती म्हणजे त्याच्या जागी उभं राहून त्याला काय होतंय ते ओळखणं. दादांनी नुसती हळहळ व्यक्त केली नाही. तिला त्या क्षणी वेळ हवाय हे ओळखलं आणि तो मिळवून दिला.

पण स्वतःची घाबरगुंडी लपवणं ही तिसरीच गोष्ट. आर्ली हॉक्शिल्ड यांनी १९८३ साली ‘द मॅनेज्ड हार्ट’ या पुस्तकात तिला ‘भावनिक श्रम’ म्हटलं. त्यांनी प्रामुख्याने हवाईसुंदरींचा अभ्यास केला. कामासाठी चेहऱ्यावर भाव आणणं म्हणजे वरवरचा अभिनय, आणि तो भाव स्वतःत खरंच जागवणं म्हणजे खोल अभिनय. ही दुसरी कल्पना मांडताना त्यांनी स्तानिस्लाव्हस्कींच्या अभिनयविचाराचा आधार घेतला. म्हणजे सिद्धान्त नाटकातूनच विमानात गेला! पुढच्या बऱ्याच अभ्यासांत वरवरच्या अभिनयाचा संबंध भावनिक थकव्याशी दिसून आला.

सिद्धान्त कुठे अडतो?

अर्व्हिंग गॉफमन यांनी रोजच्या जगण्याला रंगभूमीची उपमा दिली. लोकांसमोर आपण भूमिका करतो आणि ‘बॅकस्टेज’ला मुखवटा उतरवतो, असं त्यांचं म्हणणं. आता दादांकडे बघा. नट विंगेत येऊन मोकळा होतो, पण दादांची भूमिका तिथेच सुरू असते. मग त्यांची बॅकस्टेज कुठली? माझ्या नोंदींपुरतं उत्तर: रात्री साडेबारानंतरचा टेम्पो.

माझा संशोधनप्रश्न इथे सापडला. सिद्धान्त जिथे बसत नाही ती जागा टाळू नका, तिथेच थांबा.

एवढ्याने काय फरक पडतो?

खूप पडतो. ‘स्वभाव’ म्हटलं की मोबदला, विश्रांती, मदत हे प्रश्नच उरत नाहीत. शांत माणूस शांतच राहणार! ‘काम’ म्हटलं की ते कोण करतं, किती तास, आणि त्याची काळजी कोण घेतं, हे विचारावं लागतं. व्यावसायिक नाटकात पडद्यामागच्या अनेकांचे पैसे ‘नाइट’वर, म्हणजे प्रयोगामागे मिळतात. मार्च २०२० मध्ये नाट्यगृहं बंद झाली तेव्हा नाइटही गेली. मधल्या काही महिन्यांचा अपवाद सोडला, तर २२ ऑक्टोबर २०२१ ला निम्म्या क्षमतेने पडदा पुन्हा उघडेपर्यंत अनेकांनी कसे दिवस काढले ते आपण बातम्यांत वाचलंय. सगळ्यांना धीर देणाऱ्याला धीर कोणी दिला, हे मात्र क्वचितच विचारलं गेलं.

मुलाखतीला जाताना

‘तुम्हाला ताण येतो का?’ असं विचारू नका. “छे, सवय झालीय” एवढंच उत्तर येतं. ‘शेवटच्या प्रयोगात तिसऱ्या घंटेआधी काय काय झालं?’ असं विचारा. माणूस प्रसंग सांगतो, आणि ताण त्यात आपोआप येतो.

दुसरं, नुसतं नाव बदलून गोपनीयता राखली जात नाही. हे क्षेत्र छोटं आहे. नाटक, दौरा, गाव सांगितलं की माणूस लगेच ओळखू येतो, आणि त्याची पुढची नाइट जाऊ शकते. वर मी त्या प्रयोगाचे तपशील बदलले आहेत ते म्हणूनच.

आता तुमची फील्ड डायरी उघडा. ‘स्वभावाने’ हा शब्द कुठे कुठे आलाय ते शोधा आणि त्याभोवती गोल करा.