पडद्यासमोरची फुगडी

३० जून २०२३ला ‘बाईपण भारी देवा’ प्रदर्शित झाला आणि पुढचे कित्येक आठवडे थिएटरच्या आवारात नऊवारी, नथ आणि वर गॉगल असा थाट दिसत राहिला. भिशीचे गट, सोसायटीची महिला मंडळं, शाळेपासूनच्या मैत्रिणी, नणंदा-भावजया, सगळ्या घोळक्याने येत. सिनेमा संपता संपता पडद्यासमोरच्या मोकळ्या जागेत झिम्मा-फुगडी सुरू होई. केदार शिंदे यांनी दिग्दर्शित केलेल्या या सिनेमाने ७० कोटींहून जास्त गल्ला जमवला. त्याच सुमारास एक वादही रंगला: याला स्त्रीवादी सिनेमा म्हणायचं का?

वैशाली नाईक यांनी लिहिलेली गोष्ट तशी साधी आहे. सहा बहिणी, एकमेकींशी पटत नाही, आणि मंगळागौरीच्या स्पर्धेपायी त्यांना एकत्र यावं लागतं. रोहिणी हट्टंगडी आणि वंदना गुप्ते यांनी साकारलेल्या दोघी थोरल्या बहिणींमध्ये वर्षानुवर्षांचा अबोला. त्यांच्यातल्याच पल्लवीच्या नवऱ्याला घटस्फोट हवाय. प्रत्येकीच्या घरात काही ना काही साचलेलं. हसवत हसवत सिनेमा या साचलेल्यापाशी येतो आणि डोळे पुसायला लावतो.

एका बाजूच्या प्रेक्षकांना यात आपली दखल घेतली गेल्याचं समाधान मिळालं. दुसऱ्या बाजूचं म्हणणं असं की, सिनेमा बाईच्या सोसण्याला हार घालतो. बदलायचं तिनेच, समजून घ्यायचं तिनेच, व्यवस्था जिथल्या तिथे. दोन्ही बाजूंनी एकच सिनेमा पाहिला होता. संस्कृतीचे अभ्यासक स्टुअर्ट हॉल यांनी १९७०च्या दशकातच मांडलं होतं की, प्रेक्षक सांगितलेला अर्थ जसाच्या तसा उचलत नाही. काही जण तो मानतात, काही झिडकारतात आणि बरेच जण आपल्या आयुष्याला लावून थोडा घेतात, थोडा सोडतात.

हा तिसरा गट मला सगळ्यात मोलाचा वाटतो. त्याला समजून घेताना अमेरिकन अभ्यासक जॅनिस रॅडवे यांचं १९८४ सालचं पुस्तक आठवतं. प्रेमकथांच्या स्वस्त कादंबऱ्या झपाट्याने वाचणाऱ्या गृहिणींशी त्या बोलल्या. कादंबऱ्या तशा पारंपरिकच. शेवटी नायक भेटतो आणि सगळं गोड होतं. पण या बायकांनी भर दिला तो वाचनाच्या वेळेवर. पुस्तक हातात असेपर्यंत नवरा, मुलं, स्वयंपाक यांपैकी कुणाचाच आपल्यावर हक्क नाही, ही भावना त्यांना हवी होती. कादंबरीत काय लिहिलंय आणि ती वाचण्याने काय घडतं, या रॅडवे यांनी वेगळ्या काढलेल्या दोन गोष्टी आहेत.

‘बाईपण’ला हे नेमकं लागू पडतं. कथा मवाळ आहे, मान्य. पण पन्नाशी-साठीच्या बायकांनी स्वतःसाठी तिकीट काढून, नटूनथटून, मोठ्याने हसत, चारचौघांत नाचणं मवाळ नव्हतं. फुगडी घालून पाहा. हातांची अढी, पाय जुळवलेले, शरीर मागे झुकलेलं, आणि सगळा भार समोरचीवर. तिने हात सोडला तर दोघी पडणार. गुडघे दुखणाऱ्या बाईने सिनेमागृहात हा भरवसा टाकावा, यात मला मोठं काही दिसतं.

हशाचाही विचार करायला हवा. ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) आपल्या सगळ्यांच्या जिव्हाळ्याचा. त्यात हशा येतो तो साडी नेसलेल्या सचिन आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांच्यावर. मराठी विनोदी सिनेमांत प्रौढ बाईच्या वाट्याला बहुधा खाष्ट सासू किंवा कजाग बायको यायची. ती ओरडायची आणि आपण हसायचो. इथे धाप लागलेल्या, ताल चुकलेल्या बहिणींना पाहून बायका हसल्या, कारण त्यांचीही धाप तशीच लागते. ज्याच्यावर हसायचं आणि जो हसतो, ते दोघे इथे एकच होते.

मंगळागौर काही सगळ्या बायकांची नाही, हा आक्षेप मात्र मी झटकून टाकणार नाही. श्रावणातल्या मंगळवारचं हे व्रत लग्नानंतरची पहिली पाच वर्षं करायचं, सुवासिनींचं. विधवेला त्यात जागा नव्हती, आणि सगळ्या जातींच्या घरांत ते होतही नव्हतं. रात्रभर जागरण करताना गाण्यांतून सासरच्यांची उणीदुणी काढायची मुभा सुनेला होती, सकाळी पुन्हा पदर खोचायचा. स्पर्धेच्या मंचावर व्रताचा खेळ झाला, नवविवाहितेची अट गळाली. एवढं सिनेमाने पुढे नेलं. ज्या बायकांच्या घरात मंगळागौर कधी नव्हतीच, त्यांना आपलं काय सापडलं, हे त्यांच्याकडूनच ऐकायला हवं.

पुरुषांच्या बाबतीत सिनेमा फारच भिडस्त राहतो. त्यांच्याकडून तो जवळपास काही मागत नाही, आणि माझ्या मते ही त्याची खरी उणीव आहे. रॅडवे यांनाही हीच शंका होती: वाचनातून मिळालेला विसावा घरातली कामाची वाटणी तशीच टिकवायला मदत तर करत नाही ना? संध्याकाळच्या शोला आलेल्या कितीतरी बायकांनी दुपारीच रात्रीची भाजी-आमटी करून झाकून ठेवली असणार. ती वाढून घ्यायची कुणी आणि भांडी घासायची कुणी, या प्रश्नावर हसवणारा सिनेमा मराठीत यायला हवा, आणि त्याला पुरुषांनीही घोळक्याने जायला हवं.