विश्लेषण : मांडीवर बसणारी कोंबडी, मागे धावणारे बदक… ही माया की निव्वळ सवय?

दार उघडताच धावत येणारी कोंबडी, मांडीवर डोळे मिटून बसलेला कोंबडा, मालकाच्या मागे रांगेत चालणारी बदकाची पिल्ले… समाजमाध्यमांवरील अशा चित्रफिती पाहून ‘आपणही पाळावे’ असे अनेकांना वाटते. परसातील खुराड्यात राहणारे हे पक्षी आता बंगल्याच्या अंगणात आणि फार्महाऊसवरही हौसेने पाळले जातात. मात्र त्यांच्या वागण्याचा अर्थ माणसाच्या मोजपट्टीने लावला, तर प्रेमापोटीही पक्ष्याचे हाल होऊ शकतात.

पिल्लू माणसाच्या मागे का धावते?

याचे उत्तर ‘इम्प्रिंटिंग’, म्हणजे ठसा उमटण्याच्या प्रक्रियेत आहे. अंड्यातून बाहेर आल्यावर सुरुवातीच्या काही तासांत जी ठळक, हलती गोष्ट समोर येते, तिला पिल्लू आई मानते. कोंबडीच्या पिल्लांमधील ही प्रवृत्ती ब्रिटिश अभ्यासक डग्लस स्पाल्डिंग यांनी १८७३ मध्ये नोंदवली. पुढे ऑस्ट्रियाचे कोनराड लोरेन्झ यांनी १९३५ मध्ये तिचे सविस्तर विवेचन केले. प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासासाठी त्यांना १९७३ चे नोबेल विभागून मिळाले. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एकार्ड हेस यांच्या प्रयोगांत मॅलार्ड बदकाच्या पिल्लांवर हा ठसा जन्मानंतर १३ ते १६ तासांच्या दरम्यान सर्वाधिक पक्का उमटल्याचे दिसले. पिल्लासाठी आई म्हणजे ऊब आणि संरक्षण. त्यामुळे माणसाला आई मानणारे पिल्लू तो नजरेआड होताच टाहो फोडते. हा लाडिकपणा नसून घाबरल्याची हाक असते.

प्रत्येक गोष्टीला चोच का लावतात?

हात नसल्याने चोच हेच त्यांचे चाचपण्याचे साधन. बुटाची नाडी, अंगठी, शर्टाचे बटण टोचून पाहणे म्हणजे बहुतेक वेळा ‘हे खाण्याजोगे आहे का’ याची तपासणी असते. बदकाच्या चोचीत स्पर्श जाणणाऱ्या संवेदक पेशी दाट असतात. गढूळ पाण्यात, चिखलात न पाहताही त्याला खाद्य सापडते ते त्यामुळेच. माणसाची बोटे किंवा कपडे हलकेच चावत राहणे हा त्याच सवयीचा भाग आहे.

मान तिरकी करून पाहण्यामागेही कारण आहे. कोंबडीचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात आणि दोन्ही डोळ्यांची कामे काहीशी वाटलेली असतात. दाणे आणि खडे वेगळे ओळखण्यात उजवा डोळा सरस ठरतो, तर शिकाऱ्यावर लक्ष ठेवण्यात डावा.

हे कुतूहल पोकळ नाही. इटलीतील संशोधकांनी २००९ मध्ये तीन-चार दिवसांच्या पिल्लांसमोर, त्यांच्या ओळखीच्या झालेल्या वस्तू दोन पडद्यांआड लपवल्या. जिथे संख्या जास्त, तिकडे पिल्ले गेली. काही वस्तू एका पडद्याआडून दुसरीकडे हलवल्यावरही त्यांचा हिशेब बहुतांशी बरोबर आला. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या २०१६ मधील प्रयोगात बदकाच्या पिल्लांना ‘सारखे’ आणि ‘वेगळे’ हा फरक कोणत्याही प्रशिक्षणाविना कळत असल्याचे दिसले.

विश्वासाच्या खऱ्या खुणा कोणत्या?

पक्षी स्वतःहून जवळ येणे, शेजारी बसून पिसे साफ करणे, अंग सैल सोडून धुळीत लोळणे, हळू आवाजात कुडकुडणे या निर्धास्तपणाच्या खुणा मानता येतात. बदकांमध्ये शेपटी हलवणे आणि मान खालीवर करणे हे भेटीचे संकेत असू शकतात. मॅलार्ड बदके अर्धा मेंदू जागा ठेवून एक डोळा उघडा ठेवत झोपू शकतात. थव्याच्या कडेला असलेली बदके असे अधिक करतात, हे १९९९ मध्ये सिद्ध झाले. म्हणूनच माणसाशेजारी दोन्ही डोळे मिटून झोपणारे बदक तिथे स्वतःला सुरक्षित समजत असावे.

फ्रान्समधील कृषी संशोधन संस्था ‘इनरे’च्या २०२४ मधील अभ्यासानुसार, भीती किंवा उत्तेजनेच्या वेळी कोंबडीच्या चेहऱ्याची त्वचा अधिक लाल होते आणि शांत असताना फिकी पडते.

गैरसमज कुठे होतो?

पाठीवर हात ठेवताच अंड्यावर आलेली कोंबडी पंख किंचित पसरून खाली बसते. अनेकांना ती ‘कुरवाळून घेते’ असे वाटते. प्रत्यक्षात कोंबड्यासमोर मीलनासाठी घेतली जाणारी ती मुद्रा असते. उताणी धरलेली कोंबडी निपचित पडते, ती सुखाने नव्हे. भीतीने शरीर ताठरते, त्याचा तो परिणाम असतो. एक पंख खाली पाडून माणसाभोवती तिरका फिरणारा कोंबडा नाचत नसतो, तो बहुधा आव्हान देत असतो. मात्र ‘टुक टुक’ करत दाणा उचलून पुन्हा खाली टाकणारा कोंबडा खरोखर आमंत्रण देत असतो. एरवी हे आमंत्रण कोंबड्यांसाठी असते.

मग त्यांना भावना असतात का?

ब्रिस्टल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ मध्ये पिल्लांच्या अंगावर हवेचा हलका झोत सोडला. ते पाहणाऱ्या आईच्या हृदयाचे ठोके वाढले, ती सावध झाली आणि पिल्लांना अधिक हाका मारू लागली. पिल्लांची अस्वस्थता तिच्यापर्यंत पोहोचत होती, एवढे यावरून म्हणता येते. कोंबड्या आपल्या कळपातील इतरांना ओळखतात. कोणी कोणाला टोचायचे याची त्यांच्यात ठरलेली उतरंड असते, हे नॉर्वेचे थोरलाइफ श्येल्डरूप-एबे यांनी १९२१ मध्येच मांडले होते. माणसासारखे प्रेम त्यांना वाटते, असा दावा मात्र यातून करता येत नाही.

पाळणाऱ्यांनी काय ध्यानात ठेवावे?

पहिली गोष्ट म्हणजे एकटे पिल्लू आणू नये. माणूस कामावर गेल्यावर त्याला ‘आई’ही उरत नाही आणि थवाही. सोबतीला किमान दोन-तीन पक्षी हवेत. पक्ष्याला वरून झडप घालून उचलू नये. घारही तशीच येते. खाली बसून तळहातावर दाणे धरावेत आणि त्याला स्वतः येऊ द्यावे.

दुसरी बाब आरोग्याची. निरोगी दिसणाऱ्या कोंबड्या-बदकांच्या विष्ठेतही साल्मोनेला जिवाणू असू शकतात. त्यामुळे पक्ष्यांचे मुके घेऊ नयेत, हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत, लहान मुलांवर लक्ष ठेवावे. भारतात बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे झाला होता. काही बदके लक्षणे न दाखवताही या विषाणूची वाहक ठरू शकतात. नेहमी धावत येणारा पक्षी अचानक कोपऱ्यात पिसे फुलवून बसला, तर तो रुसला असे न समजता पशुवैद्यकाला दाखवावे. एकाच वेळी अनेक पक्षी मेल्यास त्यांना हात न लावता पशुसंवर्धन विभागाला तातडीने कळवावे.