सूतिका-परिचर्या आणि श्रोणितलाचे बल

सूतिकेस अभ्यंग, उष्णोदक स्नान व उदरवेष्टन सांगताना आपण वैद्य श्रोणितलाच्या स्नायूंविषयी क्वचितच बोलतो, असे आम्हांस वाटते. चरकसंहितेत उदरवेष्टन सांगितले आहे ते वायूस उदरात अवकाश मिळून विकृती होऊ नये म्हणून. मूत्राशय, गर्भाशय व गुद यांना खालून आधार देणारे स्नायू मात्र पट्ट्याने बळकट होत नाहीत. पट्टा अति आवळल्यास त्यांवरील भार वाढू शकतो.

२०१७ च्या कायदादुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली. हिंजवडीच्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कमध्ये कामावर परतणाऱ्या मातेस स्नायूंचे बल मिळविण्यास हा अवधी मोलाचा आहे. खोकताना, शिंकताना मूत्र गळते हे ती संकोचाने सांगत नाही. म्हणून वैद्यानेच विचारावे.

अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये मांडलेला व्यायाम सोपा आहे. मूत्र व अधोवायू रोखल्याप्रमाणे स्नायू वर ओढावेत, ५ ते १० अंक मोजेपर्यंत धरावेत, तितकाच वेळ सैल सोडावेत. अशी ८ ते १० आवर्तने दिवसातून ३ वेळा, किमान ३ महिने करावीत. श्वास रोखू नये; प्रत्यक्ष मूत्रत्याग करताना हा सराव करू नये.

त्यानंतरही तक्रार राहिल्यास, अथवा योनिभागी काही खाली उतरल्याची जाणीव किंवा मलावरील ताबा सुटणे अशी लक्षणे दिसताच, स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवावे. औषधी विक्रेत्यांनीही सूतिकेसाठी तेल व काढा देताना ‘वैद्यांनी व्यायाम सांगितला आहे ना?’ एवढे अवश्य विचारावे, ही आमची विनंती.