अर्भकाची वाढ आणि पहिलीचा वर्ग

मूल पहिलीत दाखल झाले म्हणजे त्याचे शिक्षण सुरू झाले, असा सर्वसाधारण समज आहे. वास्तविक जन्मतः बालकाच्या मेंदूचे वजन प्रौढाच्या मेंदूच्या सुमारे एक चतुर्थांश असते. दुसऱ्या वर्षाअखेर ते सुमारे तीन चतुर्थांश आणि सहाव्या वर्षापर्यंत सुमारे नऊ दशांश होते. म्हणून वर्गात मागे पडणाऱ्या मुलाची कारणे पुष्कळदा पाळण्यापर्यंत शोधीत जावी लागतात.

शारीरिक वाढ : अर्भकाचे वजन पाचव्या महिन्याच्या सुमारास जन्माच्या दुप्पट व वर्षाअखेर तिप्पट होते. मूल तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मान धरते, सहा ते आठ महिन्यांत आधारावाचून बसते आणि बहुधा बारा ते पंधरा महिन्यांत चालू लागते. हा क्रम सामान्यतः सारखा असला, तरी प्रत्येकाची वेळ सारखी नसते. काही मुले तर न रांगताच उभी राहतात. मात्र अठरा महिने उलटूनही मूल चालत नसेल, तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

पहिले सहा महिने आईचे दूध पुरेसे असते. त्यानंतर दुधाच्या जोडीला वरचे अन्न हवेच. जुन्नर व आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात नाचणी घरचीच असते. तिची खीर, वरण कालवलेला मऊ भात, शिजवून घोटलेली भाजी व वर थोडे तेल, एवढ्याने काम भागते. पातळ पेजेने पोट भरते, पण अंग भरत नाही. अन्न चमच्यावरून ओघळणार नाही इतके दाट असावे आणि ते दिवसातून अनेक वेळा द्यावे.

मानसिक वाढ : दुसऱ्या महिन्यात मूल माणसाकडे पाहून हसते. नवव्या महिन्याच्या सुमारास झाकलेली वस्तू शोधू लागते. वर्षाच्या सुमारास पहिला शब्द येतो, दुसऱ्या वर्षाअखेर दोन शब्द जोडले जातात आणि तिसऱ्या वर्षानंतर ‘का?’ची सरबत्ती सुरू होते. ही भाषा ऐकूनच येते. कोणी बोललेच नाही, तर शब्द यावेत कोठून? जे मूल हाकेला वळत नाही, त्याचे कान प्रथम तपासून घ्यावेत. ‘मंद’ हा शिक्का मारण्याची घाई करू नये.

आषाढात भातलावणी सुरू झाली, की आई खाचरात उतरते आणि अर्भक थोरल्या बहिणीच्या कडेवर येते. पूर्वेकडे कांद्याच्या व ऊसतोडीच्या हंगामात तेच घडते. नऊ वर्षांची बहीण बाळाला उचलू शकते. परंतु त्याला वेळेवर दाट अन्न भरवणे व त्याच्याशी सतत बोलणे तिच्या आवाक्याबाहेरचे असते. इकडे हजेरीपटावर तिच्या नावापुढे गैरहजेरी लागते. एका हंगामात दोन मुलांचे नुकसान होते.

या प्रश्नाला कै. ताराबाई मोडक यांनी उत्तर शोधले होते. त्यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. पुढे कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघ यांच्या साथीने पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा यांची सांगड घालणारी ‘विकासवाडी’ त्यांनी उभी केली. धाकटे भावंड पाळणाघरात राहिले, की थोरली वर्गात बसू शके.

१९७५ पासून एकात्मिक बाल विकास योजनेतून अंगणवाड्या आल्या. तथापि तीन वर्षांखालील मुलांना दिवसभर सांभाळण्याची सोय तेथे सहसा नसते. ही उणीव गावाने भरून काढावी. लावणीच्या आठवड्यांपुरती एखादी जाणती आजी व शाळेजवळची एक खोली मिळाली, तरी पुष्कळ साधेल. हा विषय शिक्षकांनी ज्येष्ठातच शाळा व्यवस्थापन समितीपुढे मांडावा. एखादी मुलगी सलग गैरहजर राहिल्यास घरी तान्हे मूल आहे काय, याची चौकशी करावी आणि अंगणवाडी सेविकेस कळवावे. पालकसभेत आईवडील व आजी-आजोबांना बाळाशी आपल्या बोलीतच भरपूर बोलण्यास सांगावे. असे सांभाळलेले बाळ सहा वर्षांनी त्याच शाळेची पायरी चढणार आहे, आणि त्याची थोरली बहीण तोवर पुढच्या वर्गांत पोहोचलेली असेल.