बंब आला, पण आग कुठे?

सांगलीच्या एका वाचकांचं पत्र आलं आणि माझ्या आवडत्या विषयाकडे वळायला निमित्तच मिळालं. ते लेकीकडे अमेरिकेत, लॉस एंजेलिस काउंटीतल्या सेरिटोसला गेले असताना शेजारच्या आजोबांना भोवळ आली. घरच्यांनी 911 ला फोन केला, तर दारात आधी उभा राहिला लाल बंब. त्याच्या मागे एक लहान लाल गाडी आणि सगळ्यांत शेवटी रुग्णवाहिका. ‘भोवळीला तीन गाड्या? आणि आग नसताना बंब कशाला?’ असं ते विचारतात.

बंब येतो, कारण तो जवळ असतो. आग विझवायची तर काही मिनिटांत पोहोचावं लागतं, म्हणून लॉस एंजेलिस काउंटीने केंद्रं वस्तीवस्तीत पसरून ठेवली आहेत. तिथे 24 तासांच्या पाळीवर जवान तयार बसलेले असतात. आगी मात्र रोज लागत नाहीत, म्हणून हेच जवान आजाऱ्यांच्या मदतीलाही धावतात. हृदय बंद पडलं की छातीदाब आणि विजेचा झटका यांच्यावाचून जाणारं प्रत्येक मिनिट जगण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी खाली आणतं. तेव्हा जवळ कोण आहे, याला फार किंमत येते. आज अमेरिकेतल्या अग्निशमन दलांच्या वर्द्यांपैकी साधारण दोन तृतीयांश वर्द्या वैद्यकीय मदतीच्याच असतात.

हे काही पूर्वापार चालत आलेलं नाही. 1960च्या दशकात अमेरिकेतल्या कितीतरी गावांत रुग्णवाहिका चालवायचं ते अंत्यसंस्कार करणारं दुकान. आडवं झोपवून नेता येईल अशी लांब गाडी त्यांच्याकडेच असायची, एवढंच कारण! रुग्ण वाचला काय, न वाचला काय, गिऱ्हाईक त्यांचंच, हा विनोद मला सुचला तसा तिथल्या लोकांनाही सुचला असणारच. 1966 साली बेलफास्टमध्ये डॉ. फ्रँक पँट्रिज यांनी विजेचा झटका देणारं यंत्र गाडीत घालून थेट रुग्णाच्या घरी नेलं. त्यांच्या गाडीत डॉक्टर होते. लॉस एंजेलिसच्या हार्बर जनरल रुग्णालयातल्या डॉ. मायकेल क्रायली यांनी 1969 मध्ये त्यापुढची उडी मारली. त्यांनी अग्निशमन जवानांनाच हृदयाचा आलेख घेणं, शिरेत सुई लावणं, औषध देणं शिकवलं. पण डॉक्टर किंवा परिचारिका नसलेल्या माणसाने इंजेक्शन टोचणं कायद्यात बसेना. म्हणून सुरुवातीला जवानांबरोबर गाडीत परिचारिकाही बसायची. काउंटीचे लोकप्रतिनिधी केनेथ हान यांनी पाठपुरावा केला आणि 1970 मध्ये गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी जवानांना ही मुभा देणाऱ्या वेडवर्थ-टाउनसेंड कायद्यावर सही केली. परिचारिका गाडीतून उतरली. तिचा आवाज मात्र रुग्णालयातून रेडिओवर येत राहिला.

आता माझं खूळ. 1972 मध्ये अशाच जवानांवरची ‘इमर्जन्सी!’ ही टीव्ही मालिका सुरू झाली, तेव्हा अख्ख्या अमेरिकेत अशी पथकं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. पहिल्या भागाचं नावच ‘वेडवर्थ-टाउनसेंड कायदा’! कायद्याच्या नावाने मालिका सुरू करायची हिंमत आपल्याकडच्या कुठल्या वाहिनीला होईल? मालिकेत बंब चालवणारा माईक स्टोकर हा काउंटीचा खराखुरा जवान होता, आणि वर्दी देणारा आवाजही काउंटीच्या नियंत्रण कक्षातल्या सॅम लॅनियर यांचाच. केंद्र क्रमांक 51 काल्पनिक, पण पडद्यावर दिसणारी इमारत कार्सनमधलं केंद्र क्रमांक 127. त्याला पुढे मालिकेचे निर्माते रॉबर्ट सिनाडर यांचं नाव दिलं गेलं. जवान हृदयाचा आलेख रुग्णालयाला पाठवायचे ती रेडिओची पेटी आता स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. मालिका पाहून गावोगावचे लोक आपल्या नगरपालिकेला विचारू लागले, ‘आमच्याकडे हे का नाही?’ शंभर अहवालांना जमलं नसतं ते या मालिकेने केलं, असं माझं पक्कं मत आहे.

तर तीन गाड्यांचं गणित असं. बंबातले जवान सर्वांत आधी पोहोचून छातीदाब, प्राणवायू सुरू करतात. लहान लाल गाडीत दोन पॅरामेडिक, म्हणजे औषध-इंजेक्शन देण्याचं शिक्षण घेतलेले जवान, शिवाय औषधं आणि यंत्रं, खाट नाही. रुग्णाला न्यायला काउंटीने कंत्राट दिलेली खासगी रुग्णवाहिका येते. प्रकृती गंभीर असेल तर एक पॅरामेडिक रुग्णाबरोबर चढतो, दुसरा लाल गाडी घेऊन मागोमाग निघतो. दुखणं किरकोळ असेल तर रुग्ण रुग्णवाहिकेवाल्यांच्या हवाली. आणि हो, रुग्णवाहिकेचं बिल घरी येतं. प्रवासी विम्यात ते बसतं की नाही, हे विमानात बसण्याआधी पाहावं.

महाराष्ट्राने वेगळी वाट धरली. 2014 मध्ये 108 सेवा 937 रुग्णवाहिकांनिशी उभी राहिली ती गाडीत डॉक्टर ठेवून. डॉक्टर असणं चांगलंच. पण भर शहरात गाडी वाहतुकीत अडकलेली असते तेव्हा दोन गल्ल्या पलीकडे अग्निशमन केंद्र असतं, आणि तिथल्या जवानांना कुणी बोलावत नाही. त्यांच्याकडे विजेचा झटका देणारं यंत्र द्यायला आणि त्यांना बोलावण्याची पद्धत सुरू करायला तरी हरकत नसावी.

मुलांकडे अमेरिकेला निघालेल्या आजी-आजोबांना एक विनंती. घराचा पूर्ण पत्ता, चालू औषधं आणि कशाची ॲलर्जी आहे ते इंग्रजीत एका कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवा. बंबातून उतरलेला जवान तेच आधी विचारतो, आणि नेमके तेव्हा मुलं ऑफिसात असतात.